शंभरदा मरूनही 'अजून एक डाव' का वाटतो? अवघड गेम्सच्या वेडामागचं गणित माणदेशात बसून समजून घ्या

समजा, तुम्ही म्हसवडच्या एसटी स्टँडवर बसलाय. आटपाडीच्या गाडीला अजून वेळ आहे. शेजारच्या बाकावर कॉलेजातलं एक पोरगं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलंय. दर मिनिटाला ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतं, मांडीवर चापट मारतं आणि परत स्क्रीनवर वाकतं.

तुम्ही हळूच डोकावता. स्क्रीनवर एक उघडाबंब माणूस काळ्या हंड्यात कमरेपर्यंत बसलाय. हातात लांब दांड्याचा हातोडा. तो हातोडा दगडात अडकवून स्वतःला वर ओढायचं आणि डोंगर चढायचा, एवढाच गेम. पण बोट जरा इकडचं तिकडं झालं की गडी गडगडत थेट पायथ्याला. अर्ध्या तासाची चढाई दोन सेकंदांत मातीत.

तुम्ही विचारता, "किती दिवस खेळतोयस हे?"

"तीन आठवडं झालं."

"मग पोचलास का वर?"

"न्हाई ओ. पण काल त्या फर्निचरच्या ढिगापर्यंत गेलतो."

आणि हे सांगताना पोराच्या तोंडावर हसू.

हा प्रसंग आम्ही रचलाय, पण गेम खरा आहे आणि असं पोरगं तुमच्या ओळखीत नक्की असणार. कदाचित ते तुम्हीच असाल. गेमचं नाव 'गेटिंग ओव्हर इट'. बेनेट फॉडी या गेम बनवणाऱ्यानं तो २०१७ मध्ये आणला. खेळणाऱ्याला त्रास व्हावा हाच आपला हेतू असल्याचं त्यानं उघड सांगितलं होतं. तरीही जगभरातल्या लोकांनी तो विकत घेतला आणि भारतातल्या कितीतरी यूट्यूबर्सनी स्वतःचा झालेला पोपट लाइव्ह दाखवला.

आता साधा प्रश्न. माणूस परीक्षेत नापास व्हायला घाबरतो. मुलाखतीत नकार आला की दोन दिवस जेवण जात नाही. मग हाच माणूस गेममध्ये शंभर वेळा हरायला स्वतःचा वेळ का देतो? कधी कधी तर पदरचे पैसे भरून?

अवघड गेम्सचं हे खूळ आजचं नाही

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्यांच्या घरात होता, त्यांना 'कॉन्ट्रा' सांगायला नको. दोन कमांडो, हातात बंदूक आणि मोजून तीन जीव. एक गोळी लागली की एक जीव खल्लास. ज्या गल्लीत एकाकडे व्हिडिओ गेम असायचा, तिथली सगळी पोरं सुट्टीत त्याच्याच घरी पडीक असायची.

याच गेममुळे तो प्रसिद्ध कोड पोरांना पाठ झाला. वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, बी, ए. कोड बरोबर दाबला की तीनाचे तीस जीव. या कोडचा जन्मही गमतीशीर आहे. कोनामी कंपनीतले कझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा गेम घरच्या मशीनवर आणायचं काम करत होते. तपासण्यासाठी गेम स्वतः खेळावा लागायचा आणि तो इतका अवघड होता की त्यांनाच पुढं जाता येईना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा कोड टाकला. म्हणजे बनवणाऱ्यालाच न झेपलेला गेम पोरं आवडीनं खेळत होती.

त्या काळचे गेम अवघड असण्याला धंद्याचंही कारण होतं. पार्लरमधल्या मशीनमध्ये नाणं टाकून खेळायचं. माणूस लवकर मेला तर पुढचं नाणं लवकर पडणार. घरच्या गेम्सची अडचण वेगळी होती, त्यात जागाच नव्हती. पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० केबीचा होता. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एखादा फोटोसुद्धा याहून मोठा भरतो. एवढ्याशा जागेत गेम बसवायचा आणि तो महिनाभर पुरवायचा, तर अवघड करणं हा सोपा उपाय होता.

पुढं जागा वाढली, पैसा वाढला आणि गेम्स सोपे होत गेले. कुठं जायचं ते बाण दाखवू लागले, पावलोपावली सूचना येऊ लागल्या. अशात जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं २००९ मध्ये 'डीमन्स सोल्स' आणि २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. या गेममध्ये साधा शिपाईसुद्धा तुम्हाला दोन घावांत आडवा करतो. मेलात की स्क्रीनवर 'तुम्ही मेलात' अशी मोठी लाल अक्षरं येतात. जमवलेली सगळी कमाई जिथं मेलात तिथं पडून राहते. परत तिथवर जिवंत पोचलात तर ती मिळते, वाटेत पुन्हा मेलात तर कायमची गेली.

धंद्याच्या भाषेत हे आत्महत्येसारखं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. याच कंपनीचा 'एल्डन रिंग' २०२२ मध्ये आला, 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला आणि २०२४ पर्यंत त्याच्या अडीच कोटींहून जास्त प्रती खपल्या. अवघड गेम म्हणजे चार वेड्यांचा नाद, असं आता म्हणता येत नाही.

गेमच्या अभ्यासकांनाही हे कोडं पडलंय. डेन्मार्कचे येस्पर यूल यांनी २०१३ मध्ये 'द आर्ट ऑफ फेल्युअर' नावाचं पुस्तकच लिहिलं. त्यांचं कोडं असं. माणूस अपयश टाळतो. गेम खेळला की अपयश येतं. तरी माणूस गेम शोधत जातो. शोकांत नाटकाचं तिकीट काढून आपण रडून येतो, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की नाटकात दुःख नायकाचं असतं, गेममध्ये हरणारे आपण स्वतः असतो.

या कोड्याची किल्ली शोधायला जपानला जायची गरज नाही. म्हसवड ज्या माण तालुक्यात आहे, तिथंच ती सापडते.

पहिली गोष्ट: अडथळा आपण निवडलेला असतो

माण तालुक्यातलं मोही हे गाव ललिता बाबर यांचं. 'माणदेशी एक्सप्रेस' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आलेल्या या धावपटू पुढं ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या.

स्टीपलचेस म्हणजे काय, तर पळता पळता अडथळे ओलांडायचे. एकूण ३५ उड्या. त्यातले २८ साधे अडथळे आणि ७ वेळा अडथळ्यापुढं पाण्याचा खड्डा. महिलांसाठी अडथळ्याची उंची सुमारे अडीच फूट. शंभर मीटरच्या अडथळा शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो. स्टीपलचेसमधला जाड ओंडका पडत नाही, पडतो तो धावणारा. थोडक्यात, मारिओचा गेम, पण हाडामांसाचा. आणि त्यात 'पुन्हा खेळा' असं बटण नाही.

ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघितली जाते, तिथल्या लेकीनं पाण्यावरून उड्या मारायची शर्यत निवडली. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनल गाठली. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. फायनलमध्ये त्या दहाव्या आल्या.

आता एक वेडगळ प्रश्न विचारू. तीन हजार मीटर पळायचंच आहे, तर ओंडक्याच्या बाजूनं का जाऊ नये?

सोपं आहे. बाजूनं गेलं तर ती शर्यतच उरत नाही. कबड्डीचंही तसंच. समोरच्याला हातच लावायचाय, तर दम कशाला धरायचा? पण दम काढून टाका, कबड्डी संपली.

कॅनडात शिकवणारे तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या याच धाग्यावर बांधली. ज्या अडथळ्यांची काही गरज नव्हती ते आपल्या मर्जीनं अंगावर घ्यायचे आणि ओलांडायचा प्रयत्न करायचा, म्हणजे खेळ. अडथळा ही खेळातली अडचण नाही, अडथळा हाच खेळ आहे. यात 'आपल्या मर्जीनं' हे शब्द लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी ते पुन्हा लागणार आहेत.

दुसरी गोष्ट: चूक कुणाची ते कळतं

सगळेच अवघड गेम आवडत नाहीत. बटण दाबूनही माणूस उडी मारत नाही, शत्रू भिंतीतून गोळी मारतो, नेट अडकतं आणि आपण मरतो, अशा गेमला आपण पाच मिनिटांत शिव्या घालून डिलीट करतो. म्हणजे मजा नुसत्या अवघडपणात नाही.

'डार्क सोल्स'मधला राक्षस तलवार उगारतो तेव्हा त्याचा खांदा आधी मागं जातो, मग घाव येतो. प्रत्येक वेळी तसंच. पहिल्यांदा तुम्ही मरता, कारण तुम्हाला माहीत नसतं. दुसऱ्यांदा मरता, कारण घाई केली. सातव्यांदा मरता, कारण हाव सुटली आणि एक घाव जास्त मारायला गेलात. पण प्रत्येक वेळी का मेलो ते कळतं. गेम निर्दयी आहे, पण लबाड नाही. कडक मास्तर आणि खुनशी मास्तर यांच्यात जो फरक, तोच इथं.

याबद्दल फिनलंडमध्ये एक छान प्रयोग झालाय. निक्लास रवाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना 'सुपर मंकी बॉल २' खेळायला दिला. यात चेंडूत बसलेलं माकड अरुंद पट्ट्यांवरून घरंगळत न्यायचं असतं. खेळणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंवर सेन्सर लावले होते. माकड कडेवरून खाली पडलं की माणूस नाराज होणार, असा कुणाचाही अंदाज असेल. २००६ मध्ये छापलेले निष्कर्ष वेगळेच निघाले. स्वतः खेळताना माकड पडलं, तेव्हा चेहऱ्यावरच्या खुणा आनंदाकडे झुकणाऱ्या होत्या. तेच पडणं नंतर रिप्लेमध्ये नुसतं बघायला लागलं, तेव्हा मात्र मूड उतरलेला दिसला.

म्हणजे हरणं झोंबतं ते हात बांधलेले असताना. सूत्रं आपल्या हातात असतील, तर हरणंही खेळाचाच भाग होऊन जातं.

यावर म्हसवडची एक गोष्ट आठवते. चेतना गाला सिन्हा यांनी १९९६ च्या सुमारास इथल्या बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतले थोडे पैसे साठवायचे होते आणि एवढ्या किरकोळ रकमेचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या, हे त्यामागचं निमित्त. रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी अर्ज गेला आणि नामंजूर होऊन आला. कारण, बँक काढू पाहणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

डाव संपला? नाही. बायका म्हणाल्या, मग लिहायला-वाचायला शिकू. दिवसभर राबून रात्री अक्षरं गिरवणं सुरू झालं. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वर आव्हानही दिलं. कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

बँक काढणं हा काही गेम नव्हता. पण नकाराचं कारण स्पष्ट कळलं होतं, ते आपल्या हातानं बदलता येण्यासारखं होतं आणि पुन्हा अर्ज करायची वाट उघडी होती. या तीन गोष्टी असल्या की अपयशाचं ओझं होत नाही, त्याचा अभ्यासक्रम होतो. चांगला अवघड गेम या तिन्ही गोष्टी काही सेकंदांत हातात ठेवतो. का मेलास, काय बदल, चल परत.

तिसरी गोष्ट: सुधारणा डोळ्यांना दिसते

आयुष्यात आपण सुधारतोय का, हे कळायला वर्षं जातात. इंग्रजी सुधारलं का? नोकरीत पुढं गेलो का? नक्की सांगता येत नाही. गेममध्ये मात्र काल जिथं मेलात तिथून आज चार पावलं पुढं गेलात, हे ढळढळीत दिसतं. आणि गंमत अशी की पात्राची ताकद तेवढीच असते, सुधारलेले असता तुम्ही. तुमची नजर, तुमची बोटं, तुमचा धीर.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, सर्जन, नर्तक अशा लोकांचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली. काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपं असलं की कंटाळा येतो, फार अवघड असलं की धास्ती बसते. या दोन्हींच्या मधल्या अरुंद बांधावर माणूस भान हरपून जातो. वेळ कळत नाही, भूक कळत नाही. चांगला गेम तुम्हाला याच बांधावर चालवत राहतो. तुम्ही सुधारलात की तोही वाढतो.

मेंदूतल्या डोपामिनबद्दलही थोडं. त्याला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण भानगड जास्त बारीक आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की फळांचा रस अचानक मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. रस मिळणारच हे ठाऊक झालं की तोच रस मिळूनही त्या शांत राहतात. म्हणजे बक्षिसापेक्षा 'अरेच्चा, जमलं की!' हा धक्का मोठा. हमखास जिंकणाऱ्या गेममध्ये हा धक्का उरतच नाही. चाळीस वेळा हरल्यावर एक्केचाळिसाव्या वेळी राक्षस पडतो, तेव्हा माणूस खुर्चीतून उठून ओरडतो आणि घरातले धावत येतात, ते यामुळं.

चौथी गोष्ट: सगळे मिळून मरत असतात

अवघड गेम एकट्यानं खेळला जातो, हा एक गैरसमज. 'डार्क सोल्स'मध्ये जगभरचे अनोळखी खेळाडू जमिनीवर एकमेकांसाठी निरोप लिहून ठेवतात. पुढं खड्डा आहे, डावीकडे दबा धरून बसलाय, वगैरे. जिथं कुणी मेलंय तिथं रक्ताचा डाग दिसतो आणि त्याला हात लावला की तो कसा मेला ते बघता येतं.

ही कल्पना कुठून आली, ते मियाझाकींनी सांगितलंय. एकदा बर्फ पडलेल्या चढावर त्यांची गाडी अडकली आणि मागं घसरायला लागली. मागच्या गाड्याही अडकलेल्या. तेव्हा मागच्यानं पुढच्याला गाडीनंच ढकलायचं, असं करत करत अनोळखी लोक एकमेकांना चढ चढवून देत गेले. थांबून आभार मानायचीही सोय नव्हती, थांबलं की परत अडकणार. ते लोक पुन्हा कधी भेटले नाहीत, पण ती आठवण गेममध्ये उतरली.

माणदेशातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षात निघतो, तो कुणा एकट्याच्या जोरावर हलत नाही. शेजारी जोर लावणारा कोण, कुठल्या गावचा, हे कुणी विचारत नाही. काम जेवढं जड, तेवढे अनोळखी हात जवळ येतात. यूट्यूबवर एखाद्या राक्षसाला कसं पाडायचं याचे हजारो व्हिडिओ पडतात, ग्रुपवर रात्री दीड वाजता "पडला रे शेवटी!" असा मेसेज येतो आणि खाली पन्नास जण हार घालतात, तेही याच जातकुळीचं.

रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गेम्सच्या ओढीवर संशोधन प्रसिद्ध केलं, त्याचं सारही असंच आहे. आपल्या मर्जीनं वागायला मिळणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपलं कुणीतरी सोबत असणं, या माणसाच्या मूळ भुका. त्या भागवणारा गेम माणसाला धरून ठेवतो.

पण थांबा. सगळेच अवघड गेम प्रामाणिक नसतात

इथवर वाचून पोरं हा लेख आईबापांना फॉरवर्ड करतील, म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

जुगाराच्या मशीनवर तीन चित्रं जुळायची असतात. दोन जुळतात आणि तिसरं एका घरानं हुकतं. 'थोडक्यात गेलं!' असं वाटतं. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अशा थोडक्यात हुकण्यानं मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे भागच जागे होतात आणि पुन्हा खेळावंसं वाटतं. पण इथं 'थोडक्यात' या शब्दाला काही अर्थ नाही. चित्रं नशिबानं पडतात. शंभर डावांनंतरही तुम्ही पहिल्या डावाइतकेच अडाणी असता, फक्त खिसा हलका झालेला असतो.

राक्षसाचं एक टक्का रक्त शिल्लक असताना मरणं आणि जुगारात एका चित्रानं हुकणं, दोन्ही वरून सारखंच दिसतं. पहिल्यात तुम्ही काहीतरी शिकलेले असता, दुसऱ्यात शिकायला काही नसतंच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सनी हाच गोंधळ वर्षानुवर्षं विकला. अशा गेम्सपायी घरं बुडाल्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला.

फुकटच्या मोबाईल गेम्समध्येही एक चोरवाट असते. एखादी पातळी मुद्दाम अशी बनवतात की अडकायलाच हवं, मग स्क्रीनवर येतं, जीव संपले, थांबा नाहीतर पैसे भरा. तो अडथळा नाही, तो टोलनाका आहे.

आणि प्रामाणिक गेमचाही अतिरेक होतोच. २०१४ च्या सुरुवातीला 'फ्लॅपी बर्ड'नं जगाला वेड लावलं होतं. पाइपांच्या फटीतून पक्षी न्यायचा, बास. बनवणारा व्हिएतनामचा डोंग न्युएन, जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर कमावत असल्याचं त्यानं सांगितलं होतं. त्या फेब्रुवारीत त्यानं गेम स्वतःच काढून टाकला. लोक चार घटका विरंगुळा म्हणून खेळतील असं त्याला वाटलं होतं, पण ते आहारी जात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आता 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागं पडतं आणि नुकसान दिसत असूनही सुटत नाही, अशी ती अवस्था.

मग आपला किंवा पोराचा गेम कुठल्या गटातला, हे ओळखायचं कसं? चार प्रश्न विचारा.

एक, हरलो तर का हरलो, ते सांगता येतं का?

दोन, अडथळा सरावानं पार होतो की पैसे भरून?

तीन, गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात हात सुधारलाय का?

चार, जेवायला हाक आली की गेम ठेवून उठता येतं का?

चारही उत्तरं सरळ आली, तर गेम कितीही अवघड असला तरी घाबरायचं कारण नाही. दोन-तीन उत्तरं अडखळली, तर मात्र बसून बोलायची वेळ आलीय.

आणि शेवटी, दुष्काळ हा गेम नाही

आता ते 'आपल्या मर्जीनं' पुन्हा आठवा.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात पाऊस थांबत नाही आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेतला माण तालुका आभाळाकडे बघत बसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. हजारो जनावरं तिथं आली, त्यांच्यामागं माणसं आली. बायाबापड्यांनी घरदार मागं ठेवून महिनोन्‌महिने जनावरांजवळ पालात मुक्काम केला. २०१९ मध्ये पुन्हा तीच पाळी आली.

या लोकांची गोष्ट सांगताना आपण सोशल मीडियावर पटकन लिहितो, 'संघर्षातच खरी मजा', 'माणदेशी माणूस संकटावर हसतो'. लाइक मिळतात. पण वर बघितलेल्या एकेका गोष्टीवर दुष्काळ घासून बघा. तो कुणी निवडला नाही. पाऊस पडला नाही यात शेतकऱ्याची काही चूक नाही, त्यामुळं सुधारायचं काय हेही कळत नाही. विकलेली गाय 'पुन्हा खेळा' म्हणून परत येत नाही. चार गोष्टींतली एकच तिथं होती, एकमेकांना धरून राहणारी माणसं. छावणी तरली ती त्यांच्यावर.

म्हणून अवघड गेम माणसाला आयुष्यासाठी तयार करतो, असल्या गप्पांवर लगेच विश्वास ठेवू नका. मांजराच्या पावलानं राक्षस मारता आला म्हणून टँकर वेळेवर येत नाही. उलट, गेम गोड का लागतो हे कळलं, तर बाकीचं आयुष्य कुठं कडू करून ठेवलंय तेही कळतं. पोराचा फॉर्म कारण न देता नाकारला जातो, भरतीची परीक्षा रद्द होते आणि पुढची तारीख कळत नाही, मेहनत करूनही आपण पुढं सरकतोय का ते दिसत नाही. मग ते पोरगं मोबाईलमध्ये शिरतं. तिथं निदान नियम सगळ्यांना सारखे असतात आणि कितीही वेळा हरलं तरी पुढची संधी कुणी हिरावून घेत नाही. त्याला अवघड गोष्टींची नव्हे, अन्यायाची शिसारी आलेली असते.

तर तेवढ्यात आटपाडीची गाडी फलाटाला लागते. पोरगं मोबाईल खिशात टाकतं आणि खिडकी धरायला पळतं. गेम ठेवून उठता येतं, म्हणजे चौथ्या प्रश्नात पास.

घरातलं असं कुणी गेममध्ये डोकं घालून बसलेलं दिसलं, तर आज 'ठेव तो मोबाईल'नं सुरुवात करू नका. आधी विचारा, "काल कुठं मेलतास आणि आज कुठवर पोचलास?"

उत्तर लांबलचक येईल. शांतपणे ऐकून घ्या. आणि मग म्हणा, चल, जेवायला.